थांबलेल्या यशोदेचे काय?

यंदाच्या स्नेहसंमेलनात रंगमंचामागच्या पडद्यावर प्रकाशकणांचा जो पाऊस पडला, त्याच्या गोष्टी कँटीनमध्ये अजून संपलेल्या नाहीत. लेझीमच्या पथकाने उजवीकडे झेप घेतली की पडद्यावरच्या ठिणग्याही उजवीकडे धावत. सगळे एकदम खाली वाकून वर आले की धुरळा उठे. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात त्याचा खास उल्लेख केला. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि या उपद्व्यापात संगणकशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांबरोबर मीही होतो. त्यामुळे कौतुकाचा थोडा वाटा माझ्याही पदरात पडला. तो मी घेतला, नाही असे नाही. पण त्याच संध्याकाळी, त्याच पडद्यापायी एक चूकही झाली आणि तिचा मोठा वाटा माझाच आहे. पुढच्या वर्षी हाच प्रकार अधिक थाटात करायचा, त्यासाठी बाहेरून तयार सामग्री आणि ती चालवणारा माणूस भाड्याने आणायचा, असे सध्या घाटत आहे. ते ठरण्याआधी ही चूक लिहून ठेवावी म्हणून हा खटाटोप.

आधी हे कण उडतात कसे, ते सांगितले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी दिसली की संगणक नर्तकाला ओळखतो. एका सहकारी बाईंनी मला विचारलेही, "त्याला कसं हो कळतं, हा हात आणि हा पाय?" आमच्या संगणकाला यातले काहीही कळत नव्हते. कॅमेरा सेकंदाला 30 चित्रे घेत होता. एकेक चित्र आडवे 640 आणि उभे 480 बिंदूंचे, म्हणजे एका चित्रात 3,07,200 बिंदू. प्रत्येक बिंदूचा उजेड 0 ते 255 यांमधल्या एका आकड्यात मांडलेला असतो. संगणक आत्ताच्या चित्रातला आकडा घेतो, आधीच्या चित्रातला त्याच जागेचा आकडा त्यातून वजा करतो, आणि फरक आपण ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आला तर म्हणतो, इथे काहीतरी हलले. अशा सेकंदाला सुमारे 92 लाख वजाबाक्या. गणित प्राथमिक शाळेतले, वेग तेवढा राक्षसाचा. जिथे हलले असे ठरले तिथे एक कण सोडायचा, एवढाच मूळ नियम.

हलले ते कोणत्या दिशेला, हे शोधायला मात्र नुसती वजाबाकी पुरत नाही. त्यासाठी 1981 साली अमेरिकेत दोन रीती प्रसिद्ध झाल्या, एक हॉर्न आणि शुंक यांची आणि दुसरी लुकास आणि कानादे यांची. दोन्हींचे गृहीतक एकच: वस्तू सरकली तरी तिच्यावरच्या बिंदूचा उजेड तोच राहतो, तेव्हा तो उजेड शेजारी कुठे गेला ते पाहा. गृहीतक सुटसुटीत आहे, आणि आपल्या सभागृहात ते किती नाजूक ठरते याचा अनुभव आम्ही तालमीच्या पहिल्याच दिवशी घेतला. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याने निळा दिवा बंद करून पिवळा लावला. रंगमंचावर एक माणूस नव्हता, तरी पडद्यावर प्रलय झाला. संगणकाच्या हिशेबी अख्खा रंगमंच हलला होता! दिवे स्थिर ठेवले, तरी काही दिव्यांखाली पडदा शहारत राहिला. आपली वीज 50 आवर्तनांची, म्हणून असे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण 30 चित्रांच्या हिशेबात 100 नीट बसत नाहीत आणि कॅमेरा फसतो. चित्रे 25वर आणली तेव्हा शहारे गेले. नंतर लक्षात आले की कॅमेऱ्याला मागचा पडदाही दिसतो आहे. म्हणजे पडद्यावर कण हलला की त्या हलण्यातून नवा कण, त्यातून आणखी नवा, रक्तबीजाची कथाच. तो गुंता आमच्या एका विद्यार्थ्याने सोडवला. रंगमंचावर सीसीटीव्हीसाठी मिळणारे अवरक्त दिवे टाकायचे, कॅमेऱ्याच्या आतली अवरक्त अडवणारी काच काढून टाकायची, आणि बाहेरून भिंगावर जुन्या रंगीत रोलचा पूर्ण उजेड खाल्लेला, धुतलेला काळा तुकडा लावायचा. त्या तुकड्यातून दिसणारा उजेड जात नाही, अवरक्त जातो. प्रोजेक्टरच्या झोतात अवरक्त फारसे नसते. त्यामुळे कॅमेऱ्याला पडदा दिसेनासा झाला आणि माणसे तेवढी दिसत राहिली. जुना फोटो स्टुडिओ शोधत तो पोरगा दोन दिवस गावभर हिंडला होता. पारितोषिक वितरणात त्याचे नाव कुणी घेतले नाही, ते मी इथे मनातल्या मनात घेतो.

कण सोडला की पुढचा हिशेब आपल्याच हातात. त्याला वेग द्यायचा, रंग द्यायचा आणि आयुष्य द्यायचे. दर चित्राला वेगाचे शंभरातले 96 भागच शिल्लक ठेवले, तर तीस चित्रांनंतर जेमतेम 29 भाग उरतात. कण हवेत तरंगत थकल्यासारखा दिसतो. हेच 99 ठेवले तर तो गोफणीतून सुटल्यासारखा जातो. कणाला जन्म, गती आणि मरण देण्याची ही रीत विल्यम रीव्हज यांनी लुकासफिल्ममध्ये बसवली. 1982च्या दुसऱ्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात एका मृत ग्रहावर आगीची लाट पसरत जाते, तिथे ती प्रथम गाजली, आणि 1983 साली त्यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. आग, धूर, ढग यांना टेबलाखुर्चीसारखा ठाम पृष्ठभाग नसतो. म्हणून त्यांचा आकार न काढता कण मोजायचे, अशी ती कल्पना. तिथे मात्र एकेक चित्र आधी सावकाश गणित करून तयार केलेले होते. समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसाने ते हलवायचे, ही भानगड नव्हती. आज साध्या लॅपटॉपवर, फुकट मिळणाऱ्या 'प्रोसेसिंग' आणि 'ओपनसीव्ही' या साधनांनी ती करता येते, आणि आमच्या मुलांनी ती केली. लेझीमला ती शोभलीही. लेझीम हा झटक्याचा, ठेक्याचा, सर्वांनी मिळून हलण्याचा खेळ. पंचवीस हात एकदम एका दिशेला गेले की संगणकाला संशयाला जागाच राहत नाही.

आता चुकीकडे येतो.

तृतीय वर्ष कलाशाखेची एक विद्यार्थिनी पुरंदरदासांच्या एका पदावर भरतनाट्यम् करणार होती. पदाच्या संचारीत तिने बाळकृष्णाने माती खाल्ल्याचा प्रसंग बसवला होता. यशोदा रागावते, धावते, पोराला पकडते, "उघड तोंड" म्हणते; पोर तोंड उघडते, आणि त्या इवल्या तोंडात यशोदेला अवघे ब्रह्मांड दिसते. प्रसंग कळल्यावर आमच्या चमूला कोण आनंद! ब्रह्मांड म्हणजे तारे, तारे म्हणजे कण. आमच्यासाठीच जणू लिहिलेला. तिच्या हातांतून तारे सुटतील आणि तोंड उघडताच पडदाभर पसरतील, असे आम्ही ठरवले.

रंगीत तालमीत ती धावली तेव्हा तारे धावले, वळली तेव्हा वळले. मग ती वाकली, अदृश्य पोराची हनुवटी वर केली, आत पाहिले आणि थांबली. आदितालाची दोन आवर्तने ती हलली नाही. हात तिथेच, मान तिथेच. डोळे तेवढे हळूहळू मोठे होत गेले. आम्ही कणाला दोन सेकंदांचे आयुष्य दिले होते. दोन सेकंद होऊन गेले आणि पडदा काळा झाला. यशोदेला विश्वरूप दिसत होते, त्याच घटकेला आमचे विश्व विझले.

डोळे हलत होते ना, मग ते का नाही दिसले? त्याचाही हिशेब मी घरी जाऊन केला. 32 फुटांचा रंगमंच 640 बिंदूंत बसवला की एका फुटाला 20 बिंदू येतात. एका इंचाला दोनसुद्धा नाहीत. म्हणजे यशोदेचे डोळे कॅमेऱ्याच्या लेखी तीन-चार बिंदूंचा मामला. आणि इतके बारीक ठिपके हा कॅमेऱ्याचा कचरा असतो असे समजून आम्हीच ते गाळून टाकण्याची सोय करून ठेवली होती. अंधुक उजेडात कॅमेरा खरोखरच असा कचरा करतो, तेव्हा गाळण चुकीची नव्हती. त्या गाळणीतून अभिनय गळून गेला, इतकेच.

लॅपटॉपपाशी बसलेला मुलगा गोकाककडचा. तो पडद्याकडे, मग तिच्याकडे पाहून मला म्हणाला, "आकी सुम्न निंताळ्री, सर." ती नुसती उभी आहे. या शब्दाने मला नंतर फार छळले. आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नको की 'सुम्मने' म्हणजे गप्प, निश्चल. आणि 'सुम्मने' म्हणजे उगाच, काही कारण नसताना. तो कोणत्या अर्थाने म्हणाला हे मी विचारले नाही. मी दुसऱ्या अर्थाने ऐकले आणि तिला हाक मारून म्हणालो, "अगं, नुसती थांबू नकोस. हात थोडे हलते ठेव, म्हणजे तारे टिकतील."

"पण सर, यशोदा तिथं थांबते की," ती म्हणाली.

"ते लोकांना मागून कुठं कळणार आहे?" असे मी म्हणालो. शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य गेले, याला इलाज नाही.

संमेलनाच्या रात्री तिने हात हलते ठेवले. बोटांच्या लहरी काढल्या, एक गिरकीही घेतली. तारे टिकले, वाढले, शिट्ट्या पडल्या. तिला नृत्य शिकवणाऱ्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या मला येऊन भेटल्या आणि म्हणाल्या, "छान झालं हं तुमचं." त्यांचा जोर 'तुमचं'वर होता, हे मला घरी पोचेपर्यंत कळले नव्हते.

1959 साली अमेरिकेतल्या एमआयटीत लेटव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या डोळ्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात म्हटले आहे की बेडकाच्या भोवती अन्न असले, पण ते हलत नसले, तर बेडूक उपाशी मरेल. हलणाऱ्या माशीवर तो झडप घालतो; मेलेली माशी त्याच्या लेखी नाहीच. आमचा कॅमेरा हा असा बेडूक होता. त्यात बेडकाचा दोष नाही, त्याचे पोट त्यावर भरते. पण बेडकाला ब्रह्मांड दिसावे म्हणून यशोदेने उड्या मारायच्या, हा उलटा न्याय आम्ही केला.

यावर एका सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप ऐकण्यासारखा आहे. ते म्हणाले, माणसाचा डोळा तरी वेगळा आहे काय? स्वीडनच्या गुनार योहानसन यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसाच्या सांध्यांवर प्रकाशबिंदू लावून त्याला अंधारात चालवले. तो स्थिर असताना पाहणाऱ्यांना नुसते विखुरलेले ठिपके दिसत. तो चालू लागताच क्षणार्धात कळे की हा माणूस आहे. तेव्हा गती हीच ओळख, मग संगणकाने गती मोजली तर बिघडले कुठे? उदाहरण खरे आहे. पण आपण सभागृहात ठिपके पाहायला बसत नाही. यशोदा इथवर धावत आली, रागावली, आता थांबली, हे सगळे आपल्याला आठवत असते. थांबण्याला त्या आधीच्या धावण्यामुळेच वजन येते. आमच्या संगणकाला फक्त मागचे एक चित्र आठवत होते. सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतकी त्याची स्मृती, आणि तिच्या भरवशावर आम्ही नृत्यात दुरुस्ती सुचवली.

दुसरे मत अगदी उलट टोकाचे होते: मग पडदाच नको. तेही मला पटत नाही. उजेड आणि पडदा आपल्याला परके नाहीत. आंबोली घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलात तर चामड्याच्या बाहुल्या पाहायला मिळतील. कर्नाटकात तोगलु गोंबे आहेतच. तिथे बाहुली थांबली म्हणून तिची सावली नाहीशी होत नाही. दिव्याला ती आहे एवढे पुरते, हललीच पाहिजे असा त्याचा हट्ट नसतो.

आणि कॅमेऱ्याचाही तसा हट्ट नसतो. तो आमचा होता. माणूस आणि संगणकाचा पडदा यांना समोरासमोर आणण्याचे काम मायरन क्रूगर यांनी अमेरिकेत 1970च्या आसपास सुरू केले. त्यांच्या 'व्हिडिओप्लेस'मध्ये कॅमेरा माणसाची पूर्ण बाह्याकृती उचलत असे. त्या आकृतीवर एक चिमुकला प्राणी चढत असे, आणि त्याला चढू देण्यासाठी माणसाला काही काळ शांत उभे राहण्याची मुभा होती. 1999 साली कॅमिल अटरबॅक आणि रोमी अखितुव यांनी 'टेक्स्ट रेन' केले. त्यात पडद्यावर वरून अक्षरे पडत राहतात आणि समोरच्या माणसाच्या आकृतीवर, किंबहुना ठरवलेल्या मर्यादेपेक्षा गडद असलेल्या कशावरही, टेकतात. हात आडवा धरून थांबलात तर अक्षरे हातावर साठतात, क्वचित एखादा शब्द वाचता येतो. हात झटकलात तर सांडतात. म्हणजे थांबणाऱ्याला काही मिळेल असा नियम लिहिता येतो, फार पूर्वीच लिहिला गेला आहे. आम्हाला तो सुचला नाही, कारण नियम लिहिताना आमच्या डोळ्यासमोर लेझीम होते.

म्हणूनच तयार सामग्री भाड्याने आणायला माझा विरोध आहे. तशा सामग्रीत नियम आधीच ठरवलेले असतात, आणि बहुधा लग्नाच्या स्वागत समारंभात टाळ्या घेतील असे ठरवलेले असतात. चालवणारा माणूस दुपारी चारला येणार, तारा जोडणार, रात्री दहाला निघून जाणार. "कणाचे आयुष्य किती ठेवले आहे?" असा प्रश्न त्याला विचारायची सोय नाही. आणि तालमीत नर्तकी थांबली आणि पडदा विझला, तर तोही तिला तेच सांगेल जे मी सांगितले.

संमेलनानंतर पंधरा-वीस दिवसांनी तो गोकाकचा मुलगा माझ्याकडे आला. चित्रफीत पाहून त्यालाही चुकल्यासारखे वाटले होते. त्याने नियम बदलला होता. मागच्या चित्रातून वजा करण्याऐवजी, रंगमंच रिकामा असतानाचे एक चित्र आधी घेऊन ठेवायचे आणि प्रत्येक चित्र त्यातून वजा करायचे. मग माणूस हलो वा न हलो, तो आहे हे कळते. यातही एक खोच आहे. अशा कामासाठी मिळणाऱ्या तयार रीती मागचे चित्र आपोआप सुधारत राहतात, म्हणजे दिवस कलला, पडदा सरकला तरी चालावे. त्यामुळे फार वेळ उभा राहिलेला माणूस हळूहळू भिंतीत जमा होतो. ते सुधारणे त्याने बंद केले. मग माणसाची आकृती आणि तिची हालचाल हे दोन हिशेब वेगळे ठेवले: जिथे हालचाल आहे तिथले कण उधळायचे; जिथे माणूस आहे पण हालचाल नाही तिथे कणांचे मरण थांबवायचे आणि त्यांना सावकाश बाहेर पसरू द्यायचे.

एका शनिवारी दुपारी आम्ही प्रयोगशाळेत भिंतीवर पांढरी चादर लावून ते पाहिले. तिलाही बोलावले होते. ती येईल की नाही याची मला शंका होती, आली. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, घुंगरांशिवाय, तिने तोंड उघडण्याचा तेवढाच भाग केला आणि थांबली. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग तिच्या खांद्यांच्या कडेपासून एकेक ठिपका सुटू लागला, आणि चादर भरत गेली. ती हलली नाही. आम्हीही कुणी बोललो नाही.

मग तिने विचारले, "हे किती वेळ थांबल्यावर सुरू होतं?"

"आत्ता दोन सेकंद ठेवलंय," तो म्हणाला. "किती पाहिजे ते तू सांग की."

तिने पुन्हा करून पाहिले, बोटांवर मात्रा मोजल्या आणि म्हणाली, "एक आवर्तन पूर्ण होऊ दे. आधी तिला दिसू दे, मग लोकांना." त्याने आकडा बदलला. तालमीत तिने मला हेच सांगितले होते; तेव्हा विचारणारे कुणी नव्हते.

संमेलन समितीकडे माझे मागणे त्यामुळे लहानसे आहे. भाड्याचे जे पैसे जाणार आहेत त्यांतले थोडे एका बऱ्या कॅमेऱ्यावर आणि दोन अवरक्त दिव्यांवर खर्च करावेत. ज्यांच्या कार्यक्रमामागे पडदा असेल, त्यांच्या पहिल्या तालमीपासून लॅपटॉपवाला तिथे असावा, आणि कणांचे आकडे त्याने एकट्याने ठरवू नयेत. लेझीमवाल्यांनी आपला झटका सांगावा, गाणाऱ्याने आपला ठहराव सांगावा. नाटकवाल्यांना पडदा नको असेल, तर तोही बंद ठेवता यावा.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी शनिवारी दुपारी तीननंतर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत यावे. चादर अजून तिथेच आहे. समोर उभे राहून, न हलता, काय होते ते पाहावे. पंखा तेवढा बंद ठेवावा लागतो. चादर हलते, आणि तारे तिकडेच जातात.